वेताळ टेकडी की फी भरून ‘फॉरेस्ट स्कूल’?

लेक चार वर्षांची. दर रविवारी तिला मातीत सोडायचं, एवढं ठरलं होतं. कुठे, यावर मात घरात दोन पक्ष. एक पुण्यातल्या वेताळ टेकडीचा, दुसरा शहराबाहेरच्या शेतावर फी घेऊन चालणाऱ्या ‘फॉरेस्ट स्कूल’चा. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

शेतावर टेकडीवर न मिळणाऱ्या दोन गोष्टी मिळतात: सोबतीला पोरं आणि विस्तव. टेकडीचा बराच भाग वनखात्याचा, तिथे काडी ओढायची नाही. शेतावर मात्र ताई शेजारी बसून चूल पेटवू देतात, सुरीनं काठी तासू देतात. हे मला घरीही जमलं नसतं, धीरच होत नाही. खटकलं ते वेळापत्रक. दोन तासांत पानांचे मुखवटे, चिखलात नाच, डबा, फोटो. लेक मुंग्यांच्या रांगेपाशी बसली की ‘चला चला, पुढची ॲक्टिव्हिटी’!

‘फॉरेस्ट स्कूल’ची कल्पना डेन्मार्कची. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजची मंडळी तिथल्या बालवाड्या पाहून आली आणि ती इंग्लंडात रुजली. पण तिचा गाभा असा, की ऋतू बदलले तरी त्याच रानात पुन्हा पुन्हा जायचं आणि काय करायचं ते मुलानं ठरवायचं. (आपल्याकडे पालघरजवळच्या आदिवासी भागात, कोसबाडला, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली होती. गुरं राखायला गेलेल्या पोरांकडे शाळाच जायची.)

या कसोटीवर टेकडी सरस. खर्च रिक्षाचा. जूनमध्ये मृगाचे मखमली लाल किडे, मग गोगलगायी, लाजाळू. दिवाळीनंतर सगळं गवत पिवळं. तीच वाट असल्यामुळे लेकीला फरक स्वतःहून कळतो. मी फक्त गप्प बसायचं, आणि तेच अवघड. दगडाखाली हात घालू द्यायचा नाही, विंचू असतात. उंच गवतात काठी आपटत पुढे मी. खाजकुइलीची शेंग लांबूनच दाखवायची. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली.

तुम्हालाच किड्यांची किळस असेल, किंवा मूल एकुलतं आणि बुजरं असेल, तर निदान एक सत्र फी भरा. आधी दोनच प्रश्न विचारा: एका ताईकडे किती मुलं, आणि पाऊस आला तर काय करता? आम्ही गेलो तिथे ‘रद्द करतो’ म्हणाले. पुढच्या रविवारी धो धो पाऊस होता. आम्ही रेनकोट चढवून टेकडीवर गेलो.