बैठक, पहाट आणि ढोल: स्टिरिओ ध्वनिमुद्रणासाठी कुठली माइकजोडी घ्यावी?

नाशिकमध्ये गाण्याचा क्लास चालवणारे, घरच्या दिवाणखान्यात बैठक भरवणारे, पिंपळपारावरची पाडवा पहाट किंवा ढोलपथकाचा सराव नीट टिपून ठेवायची हौस असणारे, या सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते. दोन कंडेन्सर माइक (विजेवर चालणारे, बारीक आवाजही टिपणारे नाजूक माइक) ‘मॅच्ड पेअर’ म्हणूनच घ्यायचे का, आणि घ्यायचे तर कुठले? इथे चार जोड्या समोरासमोर ठेवल्या आहेत: ऑस्ट्रेलियाच्या ‘रोड’ कंपनीच्या एम५ आणि एनटी५, एसई इलेक्ट्रॉनिक्सची एसई८ आणि जर्मन नॉयमनची केएम १८४. चारही छोट्या पडद्याचे, पेन्सिलीसारखे सडपातळ, कार्डिऑइड (म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) आणि ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्याच केबलमधून मिळणाऱ्या विजेवर, चालणारे.

घाई असेल त्यांनी एवढंच वाचावं: शांत खोलीतली बैठक हेच मुख्य काम असेल तर एसई८. पुढेमागे ऑम्नी कॅप्सूल (चारी बाजूंचा आवाज घेणारं माइकचं पुढचं तोंड) लावायचा विचार असेल तर एनटी५. बाकीच्यांनी पुढे वाचावं, कारण ‘मॅच्ड’ या शिक्क्याकडे बघून निवड करणाऱ्यांची बरीच दिशाभूल होते असं माझं मत आहे.

मॅच्ड पेअर म्हणजे एकाच मॉडेलचे असे दोन माइक, ज्यांची संवेदनशीलता आणि वेगवेगळ्या सुरांना मिळणारा प्रतिसाद कारखान्यात मोजून एकमेकांशी जुळणारे निवडले आहेत. चांगल्या जोडीत हा फरक एक डेसिबलच्या आत असावा अशी अपेक्षा असते. त्याचं महत्त्व बैठकीची मांडणी डोळ्यांसमोर आणली की कळतं. गायक मध्यभागी, त्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी. श्रोत्यांच्या बाजूने तबला डावीकडून ऐकू येणार, पेटी उजवीकडून, आणि गायक मधोमध. तो मधोमध वाटतो, कारण त्याचा आवाज दोन्ही माइकना सारखाच पोचतो. एक माइक नुसता दोन डेसिबल जोरात असला तर गेनचं, म्हणजे आवाजाची पातळी कमी-जास्त करायचं, बटण फिरवून भागतं. पण एकाचा प्रतिसाद वरच्या पट्टीत वेगळा असला, तर मंद्रात मध्यभागी बसलेले बुवा तार षड्जाला पेटीकडे सरकल्यासारखे वाटतात. हे कुठल्याही बटणाने सुधारत नाही.

आता खरी गोम. खोक्यातल्या कागदावरचा आलेख बहुधा माइकच्या अगदी तोंडासमोर मोजलेला असतो. तुम्ही ओआरटीएफ पद्धतीने माइक लावलेत, म्हणजे दोन कॅप्सूलमध्ये १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, तर प्रत्येक माइक गायकापासून ५५ अंश वळलेला असतो. तुमचा मुख्य कलाकार एकाही माइकच्या तोंडासमोर नसतो! आदर्श कार्डिऑइडमध्ये ५५ अंशांवर आवाज सुमारे दोन डेसिबलने उतरतो. प्रश्न असा की सगळे सूर सारखेच उतरतात, की वरचे जास्त. एक्स-वाय पद्धतीत (दोन्ही कॅप्सूल एकाच जागी, एकमेकींवर) ९० अंश ठेवलेत तरी गायक ४५ अंश बाजूलाच. म्हणून स्टिरिओ जोडीत बाजूने येणारा आवाज माइक किती सरळपणे घेतो हे प्रमाणपत्रापेक्षा मोठं. छोट्या पडद्याचे माइक इथे मोठ्या पडद्याच्या माइकपेक्षा साधारणपणे सरस ठरतात. मोठ्या पडद्याच्या माइकमध्ये स्वतःची खरखर फारच कमी असते, तरी मी ते या यादीत घेतलेले नाहीत, त्याचं कारण हेच.

एम५पासून सुरुवात करू. ती जोडी म्हणूनच विकली जाते, इलेक्ट्रेट (आतला विद्युतभार कायमचा असलेली) आहे आणि चौघांत स्वस्त. तिची स्वतःची खरखर १९ डेसिबल-ए (कानाला जाणवेल अशा बेताने मोजलेले डेसिबल; आकडा जितका कमी तितका माइक शांत). तबला, पेटी, सतार एक-दीड मीटरवरून घ्यायची असेल तर काम चालतं. तंबोरा आणि हळू गाणारा आवाज लांबून घेतलात की मागे बारीक ‘स्स्स’ ऐकू येतं. याहूनही स्वस्त जोड्या मिळतात, स्टिरिओ पट्टीसकट (एकाच स्टँडवर दोन माइक धरणारी पट्टी). त्या शिकायला घ्या, जपून ठेवायच्या मैफलीसाठी नको.

एनटी५ची खरखर १६ डेसिबल-ए, संवेदनशीलता एका पास्कलला (आवाजाच्या दाबाचं एकक) १२ मिलिव्होल्ट, आणि १४३ डेसिबलपर्यंत आवाज सहन करण्याची ताकद. अंगावर एकही बटण नाही, ना पॅड (मोठा आवाज उतरवणारा), ना लो-कट (खालची घरघर कापणारा). आवाज जरा उजळ. सतार-संतूरला शोभतो, कर्कश पेटीला मात्र आणखी धार आणतो. हिचं खरं आकर्षण म्हणजे पुढची कॅप्सूल फिरवून काढता येते आणि तिच्या जागी एनटी४५-ओ ही ऑम्नी कॅप्सूल बसते.

ऑम्नी कशाला, तर डग्ग्यासाठी. कार्डिऑइड माइक लांब नेला की त्याचा खर्ज पातळ होतो. जवळ नेल्यावर खर्ज फुगतो, त्याचीच ही उलटी बाजू. ऑम्नी हवेचा दाब मोजते, त्यामुळे अंतर कितीही असलं तरी तिचा खर्ज टिकतो. चांगल्या खोलीत दोन ऑम्नी चाळीस-पन्नास सेंटीमीटर अंतरावर समांतर लावून ऐका. डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याची जवारी यांचं जे अंग कानावर पडतं, ते कार्डिऑइड जोडीत क्वचितच मिळतं. पण खोली चांगली हवी. कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड फरशी, काचेची सरकती दारं आणि उघड्या भिंती असल्या तर ऑम्नी तो सगळा खणखणाटही इमानेइतबारे टिपते. पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा लाकडी माळा, खाली सतरंज्या आणि भरलेले श्रोते असतील, तर बेलाशक ऑम्नी लावा.

एसई८ची खरखर १३ डेसिबल-ए, आणि संवेदनशीलता २५ मिलिव्होल्ट, म्हणजे एनटी५च्या दुप्पट. याचा फायदा स्वस्त इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) वापरणाऱ्यांना जास्त होतो. माइकच जोरात बोलत असेल तर प्री-ॲम्पला, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या इंटरफेसमधल्या भागाला, कमी रेटावं लागतं आणि त्याची स्वतःची खरखर वर येत नाही. वर दोन टप्प्यांचा पॅड, १० आणि २० डेसिबलचा, आणि ८० व १६० हर्ट्झचा लो-कट. बाजूने येणारा आवाज मला हिच्यात एनटी५पेक्षा गुळगुळीत वाटतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे स्टिरिओत तेच कामाला येतं. बैठकीसाठी माझा कौल हिला.

केएम १८४ची खरखरही १३ डेसिबल-ए, संवेदनशीलता १५ मिलिव्होल्ट, मर्यादा १३८ डेसिबल. मग जोडीला लाखाच्या बरेच पुढे पैसे कशाचे? सातत्याचे. नॉयमनचं म्हणणं असं की आमच्या उत्पादनातला फरक इतका बारीक असतो की कुठलेही दोन केएम १८४ जोडी म्हणून चालतात. म्हणजे आज एक घेऊन पुढच्या वर्षी दुसरा घेता येतो; इतर ब्रँडमध्ये हा जुगार मी खेळणार नाही. आवाजात ९ किलोहर्ट्झच्या आसपास हलका उठाव आहे. सरोदला तो छान, ‘स’कार तीक्ष्ण असणाऱ्या गायिकेला कधी कधी बोचतो. ज्यांचं पोट ध्वनिमुद्रणावर आहे त्यांनी जरूर घ्यावी. क्लास चालवणाऱ्यांनी तेच पैसे आधी खोलीवर खर्च करावेत: जाड पडदे, पुस्तकांची कपाटं, गालिचा.

खरखरीच्या आकड्यांबद्दल एक शंका रास्त आहे. गंगापूर रोडवरच्या बंद खोलीतही रात्री मागचा आवाज २५-३० डेसिबलच्या खाली क्वचितच जातो. पंखा लावला की आणखी वर. मग १३ काय आणि १९ काय? फरक पडतो, पण वाटतो तितका नाही. खोलीतला आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतली घरघर असते आणि माइकची खरखर वरच्या पट्टीत, म्हणून ती घरघरीमागे पूर्ण लपत नाही. मात्र पंखा चालू ठेवून, खिडकी मेन रोडच्या बाजूला उघडी टाकून १३ डेसिबलचा माइक लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ओझरच्या विमानतळावरून उठलेलं सुखोई लढाऊ विमान डोक्यावरून गेलं तर कुठलाच माइक वाचवत नाही. बंदिश पुन्हा घ्यायची.

ढोलाची कथा उलटी आहे. तिथे खरखर विसरा, हिशोब करा. ९४ डेसिबल म्हणजे एक पास्कल. ढोलाच्या अगदी जवळ टिपेची पातळी १३४ पर्यंत गेली असं धरा. ते झाले १०० पास्कल. एनटी५ त्यावर १.२ व्होल्ट देते, एसई८ अडीच व्होल्ट. बऱ्याच जुन्या छोट्या इंटरफेसचं माइक-इनपुट सव्वादोन व्होल्टच्या आसपास फाटतं. म्हणजे एसई८चा पॅड लावायलाच हवा, आणि एनटी५ पॅड नसूनही निभावते. तसंही पथकाचा स्टिरिओ आवाज चार-पाच मीटर मागून, स्टँड डोक्याच्या वर नेऊन घेतलेलाच बरा. केवळ ढोलासाठी जोडी घेणार असाल तर एम५ पुरेशी आहे, तिची मर्यादाही १४० डेसिबल आहे.

जोडी घरी आल्यावर शिक्का खरा की खोटा हे स्वतः तपासता येतं. दोन्ही माइकची तोंडं एकमेकांना जवळजवळ चिकटवून एकाच दिशेने ठेवा, समोर मीटरभरावर स्पीकर. दोन्ही ट्रॅकची पातळी सारखी करा, सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे लहरीचे चढ ते उतार होतात) आणि दोन्ही एकत्र वाजवा. माइक जितके सारखे, तितका आवाज नाहीसा होतो. फरक एक डेसिबलचा असेल तर उरलेला आवाज मूळ आवाजाच्या सुमारे १९ डेसिबल खाली असतो, अर्ध्या डेसिबलचा असेल तर २५. वरच्या पट्टीत ही परीक्षा फसते, कारण १० किलोहर्ट्झची तरंगलांबी अवघी ३.४ सेंटीमीटर आणि दोन कॅप्सूल एकाच बिंदूवर ठेवता येत नाहीत. दोन-तीन किलोहर्ट्झपर्यंतचंच ऐका. केबल अदलाबदल करूनही बघा, म्हणजे दोष माइकचा की इंटरफेसच्या चॅनेलचा ते कळेल. आणि बहुतेक जण करत नाहीत ती गोष्ट करा: दोन्ही माइक एकाच बाजूला ५५ अंश वळवून हीच परीक्षा पुन्हा घ्या. बैठकीत कामाला येणारी जुळणी ती.

जोडी परवडत नसेल तर मिड-साइड पद्धत आहे. एक कार्डिऑइड समोर बघणारा, एक फिगर-एट (दोन विरुद्ध बाजूंचा आवाज घेणारा) आडवा. त्यात दोन्ही माइक वेगळेच असतात, जुळणीचा प्रश्नच मिटतो, आणि गायक मधल्या माइकच्या बरोबर तोंडासमोर येतो. किंवा स्टिरिओचा हट्टच सोडा. गायक द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशिकला जन्मले आणि १९५५ मध्ये गेले. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ मध्ये. त्यांचं जे गाणं आपल्याला ऐकायला मिळतं ते मोनोच आहे, आणि ऐकताना कुणाला तक्रार सुचत नाही. एक उत्तम माइक नीट जागी ठेवलेला, दोन बेतास बात माइकांपेक्षा भारी पडतो.

आपल्याकडच्या हवेचंही बघा. पावसाळ्यात कंडेन्सरचा पडदा ओल धरतो आणि चरचर-फटफट सुरू होते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की वाळवायच्या. थंडीत पहाटेच्या कार्यक्रमाला गार पडलेला माइक माणसांनी भरलेल्या उबदार हॉलमध्ये नेलात तर त्यावर दव धरतं. बंद डब्यातच अर्धा तास राहू द्या, मग काढा. सेनहायझरची एमकेएच मालिका रेडिओ-वारंवारतेच्या सर्किटवर चालते आणि ओलीला फारशी जुमानत नाही, पण ती केएम १८४पेक्षाही महाग.

बजेट आखताना स्टिरिओ पट्टी, जड पायाचं उंच स्टँड, दोन सारख्या लांबीच्या एक्सएलआर केबल आणि उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी केसाळ वारारोधक टोप्या हे सगळं आधीच धरा. माइकसोबत येणारा फोम गोदाघाटावरच्या वाऱ्याला पुरत नाही. रेकॉर्डर घ्यायचा असेल तर झूम एफ३सारखा ३२-बिट फ्लोट असलेला बघा. दोनच इनपुट, गेन ठरवायची भानगड नाही, आणि बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी भैरवी अर्धी राहत नाही.

मुंबईला जाणं होत असेल तर लॅमिंग्टन रोड परिसरात, नाहीतर अधिकृत विक्रेत्याकडून ऑनलाइन घ्या. पावतीवर दोन्ही माइकचे अनुक्रमांक लिहून मागा. वॉरंटीत एक माइक बदलून मिळायची वेळ आली तर एकटा स्वीकारू नका. दोन्ही परत देऊन नवी जुळलेली जोडी मागा, आणि ती अट खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडून लेखी घेऊन ठेवा.