गुजरीतली लग्नखरेदी: २२ कॅरेट, १८ कॅरेट आणि सोन्याचं पाणी दिलेली चांदी

भाचीच्या लग्नाचे दागिने आम्ही कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे तिथल्या सराफ बाजारातून घेतले. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेलं सगळं कुठल्याही सराफाकडे हक्काने मागता येतं. सोनं दहा ग्रॅमला लाखापुढे गेलेलं आणि ताईचं बजेट ठरलेलं. त्यामुळे घरीच ठरवून निघालो होतो: रोज गळ्यात राहणारं मंगळसूत्र आणि जावयाची अंगठी २२ कॅरेटमध्ये, खड्यांचे टॉप्स १८ मध्ये, आणि मिरवायची ठुशी चांदीची, वरून सोन्याचं पाणी दिलेली.

आधी गेलो त्या दुकानात "केडीएम आहे ताई, हॉलमार्क कशाला बघताय?" असं ऐकलं आणि तिथूनच उठलो. हॉलमार्क ही दागिन्यावरची शुद्धतेची अधिकृत खूण, आणि केडीएम म्हणजे दागिन्याचे भाग जोडायला कॅडमियम घालून केलेली डाक. त्यावरून दागिन्यात सोनं किती आहे हे मुळीच कळत नाही, शिवाय कॅडमियमचा धूर कारागिराच्या छातीत जातो तो वेगळाच.

जिथे खरेदी केली तिथे अंगठी हातात घेतल्याबरोबर मी भिंग मागितलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग दुकानात असावंच लागतं. काउंटरवरच्या दादांनी कपाळाला आठी न घालता काढून दिलं, याचे त्यांना पूर्ण गुण. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा दिसल्या: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, शुद्धता सांगणारं '२२के९१६' आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर. तो नंबर मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला, तर दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क कुठल्या केंद्रात आणि कधी झाला, हे सगळं समोर आलं. यात दागिन्याचा प्रकार जरूर जुळवून बघा. हातात अंगठी आणि ॲपमध्ये चेन दिसली तर तो नंबर दुसरीकडून उचललेला असू शकतो. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना मात्र हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून मंगळसूत्राच्या सुट्या वाट्या घेताना कॅरेट आणि वजन पावतीवर लिहून घ्याच.

टॉप्स १८ कॅरेटचे घेतले याचं वहिनींना वाईट वाटत होतं. मला वाटत नाही. १८ म्हणजे शंभरात ७५ भाग सोनं, २२ म्हणजे ९१.६. पिवळेपणा जरा कमी दिसतो, पण धातू कडक असल्यामुळे खडा नीट धरून ठेवतो. खड्यांचं वजन सोन्याच्या भावात लागत नाही ना, एवढं पावतीवर तपासलं. निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च पावतीवर वेगळा दाखवायचा असतो. हॉलमार्कला नगामागे ४५ रुपये आणि जीएसटी लागतो. हजारो सांगितले तर ऐकून घेऊ नका. खरा पैसा घडणावळीत जातो आणि मोडताना तोच परत मिळत नाही. जुलै २०२५ पासून ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळतो, पण सोनं ३७.५ टक्के आणि मजुरी तेवढीच, म्हणून आम्ही तिकडे वळलो नाही.

आता ठुशी. तीच सोन्यात करायची तर दोन तोळे सहज गेले असते. 'एक ग्रॅमवाली', म्हणजे सोन्याचं पाणी दिलेली पितळेची ठुशी स्वस्त मिळते, पण पाणी उडालं की आतली पितळ काळवंडते आणि मोडीला काहीच येत नाही. चांदीच्या ठुशीची चांदी राहते. आम्हाला ती साडेसात हजारांत मिळाली. मणी एकमेकांना चिकटून बसलेले, मागे लाल गोंडा, जवळून बघितली तरी सोन्याचीच वाटावी. शंका आली ती मण्यांची. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख (राळेसारखा पदार्थ) भरतात, तशी यात आहे का, असं स्पष्ट विचारलं. "नाही, पोकळ आहेत, वजन चांदीचंच," असं दादा म्हणाले आणि तेच पावतीवर लिहून दिलं.

उणी बाजू दोन. घडणावळीचे टक्के आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि विचारल्यावर टॉप्सवर लगेच तीन टक्के कमी झाले. दुसरं म्हणजे ठुशीला मानेच्या बाजूने, घाम लागतो तिथे, आताच पांढरी झाक दिसायला लागली आहे. पुन्हा पाणी देऊन मिळतं, पण त्याचे पैसे वेगळे पडतात. अत्तर लावून झाल्यावरच ठुशी घालायची आणि काढली की सुती कापडाने पुसून ठेवायची, असं भाचीला सांगून ठेवलंय. मंगळसूत्र आणि अंगठीला पाचपैकी पाच, टॉप्सना चार, ठुशीला साडेतीन. पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न आहे, तिलाही ठुशी चांदीचीच घेणार.