महोगनीचं जुनं डेस्क: कारागिरी अव्वल, सांगितलेलं साल चुकीचं

डेस्क विकताना विक्रेत्याने दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. एक, हे १८२० च्या सुमारास हाताने घडवलंय. दोन, आजवर याचे तीनच मालक झाले. मालकांचं खरं निघालं, हातकामही खरं. साल मात्र पटत नाही, आणि ते का पटत नाही हे डेस्कच दाखवून देतं.

आधी घडण. डेस्क तीन तुकड्यांत आहे: तीन खणांसकट वरचा भाग, आणि त्याखाली खणांचे दोन उभे कप्पे. तिन्ही एकमेकांना स्क्रूने जोडलेले नाहीत, वरचा भाग नुसत्या वजनावर घट्ट बसतो. त्यामुळे एवढं अवजड डेस्क अरुंद दारातूनही आत आलं. दर्शनी लाकूड महोगनी, खणांच्या आतल्या बाजू ओकच्या, पाठीमागे साधं पाइन. जिथे नजर जात नाही तिथे स्वस्त लाकूड वापरायचं, ही त्या काळची सर्रास पद्धत. त्याला फसवणूक समजू नका.

कुठलाही खण पूर्ण बाहेर काढून बघा. कोपऱ्यातले डव्हटेल जोड, म्हणजे दातात दात अडकवून केलेले सांधे, एकसारखे नाहीत, म्हणजे ते हातानेच कापलेत. एक दात बारीक, शेजारचा किंचित रुंद, आणि जोड आखताना ओढलेली बारीक रेघ अजून स्पष्ट दिसते. खणाच्या तळाशी बोटं फिरवली की रंध्याच्या उथळ लाटा हाताला लागतात. प्रत्येक खणामागे पेन्सिलीने आकडा घातलाय, कारण हे खण अदलाबदल करून बसतच नाहीत. हे बघूनच मी डेस्कच्या प्रेमात पडले.

आता सालाबद्दल. कुलपांवर मुकुट आणि 'व्ही. आर.' ही अक्षरं ठोकलेली आहेत, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ. ती गादीवर आली १८३७ मध्ये. कुलूप नंतर बदललं असतं तर लाकडात जुनी खाच किंवा बुजवलेली भोकं दिसली असती. तसं काहीच नाही. स्क्रू मात्र बोथट टोकाचे आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरच्या खाचा मधोमध नाहीत. टोकदार स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १८४६ मध्ये घेतलं गेलं आणि पुढे बोथट स्क्रू मागे पडले. दोन्ही धागे जुळवले तर डेस्क १८४० च्या आसपासचं असावं, असं माझं मत.

मुठी मूळच्या नाहीत. आतून पाहिलं तर प्रत्येक मुठीच्या जागी एकेक मोठं गोल भोक लाकडी खुंटीने बुजवलेलं दिसतं. म्हणजे पूर्वी तिथे लाकडी गोल मुठी होत्या. नंतर कुणीतरी अठराव्या शतकातल्या घाटाच्या पितळी कड्या लावल्या, आणि डेस्क आहे त्याहून जुनं दिसू लागलं. लिहायच्या फळीवरचं चामडंही नवं आहे. या दोन्ही गोष्टी विकतानाच सांगायला हव्या होत्या.

मालकीची कागदपत्रं मात्र उत्तम. पहिल्या मालकाच्या, एका वकिलाच्या, मालमत्तेच्या यादीत 'महोगनी डेस्क, चामडं झिजलेलं' अशी नोंद आहे. पुढे ते घरातल्याच माणसांकडे राहिलं आणि मग एका कार्यालयात गेलं. उजव्या वरच्या खणातले शाईचे डाग वकिलाचे की कार्यालयाचे, ते कागद सांगत नाहीत. मागच्या फळीतलं वायरींचं भोक मात्र नक्कीच कार्यालयाचं, आणि ते बघून मला अजून वाईट वाटतं.

वापरायला कसं आहे? लिहायला सुरेख, हातांना भरपूर जागा. पण पाय ठेवायची जागा जेमतेम २३ इंच, हातांची खुर्ची आत जात नाही. कोरड्या हवेत तळाच्या फळ्या आकसून फटी पडतात. त्या भरू नका, दमट हवेत फळी फुगायला जागा लागते. खण अडकला तर पट्ट्यांवर मेण घासा, तेल नको.

विक्रेत्याला साल कळवलं, त्याने पावतीवर दुरुस्ती करून दिली. पाचपैकी चार तारे. कापलेला एक मुठी आणि चामड्याबद्दल न सांगितल्याचा.