‘सोबत’ की ‘एकाच वेळी’? सिव्हिल लाइन्समधली एक भाषांतर सेवा

नागपूरच्या जिल्हा न्यायालयाजवळ इंग्रजी निकालांचं मराठी भाषांतर आणि टायपिंग करून देणारी ही सेवा. टायपिंग स्वच्छ, नावं आणि कलमांचे आकडे अचूक. फौजदारी निकाल दिला असेल तर मात्र एक शब्द तपासल्याशिवाय कागद उचलू नका: ‘कन्करंटली’, म्हणजे शिक्षा एकाच वेळी चालणं.

इथे त्याला सरसकट ‘सोबत’ लिहितात. नागपुरी बोलण्यात ‘सोबत’ सगळीकडे चालतो. पुण्यात ‘माझ्याशी बोलला’ म्हणतील तिथे आपण ‘माझ्यासोबत बोलला’ म्हणतो. त्यात वावगं काही नाही. पण ‘सोबत’ माणसं जोडतो, वेळ नाही. ‘आरोपींनी शिक्षा सोबत भोगावी’ म्हटलं की दोघांना एकाच बराकीत ठेवायचं, असाही अर्थ निघतो. सांगायचं असतं ते असं: एकाच आरोपीला दोन कलमांखाली ३ आणि ५ वर्षं झाली, दोन्ही शिक्षा एकाच वेळी चालणार, म्हणजे भोगायची ५. एकामागून एक चालल्या तर ८.

कोर्टाच्या मराठीत ‘एकत्रित’ रुळलाय. पण तो वाचून घरचे लोक बेरीज करतात, तीन नि पाच एकत्रित म्हणजे आठ! ‘एकदम’ अचानकपणाकडे झुकतो. ‘समवर्ती’ राज्यघटनेतल्या सूचीला शोभतो, कैद्याच्या आईला तो कळणार नाही. ‘एकसमयावच्छेदेकरून’ अर्थाला नेमका, पण वाचणारा आज अडखळतो.

म्हणून ‘दोन्ही मूळ शिक्षा एकाच वेळी भोगावयाच्या आहेत’ असंच लिहून मागा. ‘मूळ’ हवाच, कारण दंड न भरल्यास होणारी कैद यात धरायची नसते. ती वेगळ्या वाक्यात यावी.

‘एकाच वेळी’ हे शब्दच गळले तर आणखी वाईट. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ प्रमाणे न्यायालयाने तसं सांगितलं नसेल तर शिक्षा एकामागून एक चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ नुसार, गुन्ह्याचं गांभीर्य पाहून शिक्षा एकाच वेळी की एकामागून एक, ते न्यायालयानेच सांगायचं असतं.

काम देताना निकालाचा शेवटचा, आदेशाचा भाग आधी करून घ्या आणि तो मूळ इंग्रजीशेजारी ठेवून वाचा. फाइल युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरं तुटतात. खरेदीखत, भाडेकरार यांसाठी ही सेवा बिनधास्त घ्यावी.