‘रिस्टोअर्ड’ हर्क्युलिसच्या नावाखाली घरी राइट केलेली डिस्क

जाहिरात अशी होती: इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाचा ‘हर्क्युलिस इन द हॉन्टेड वर्ल्ड’, ब्लू-रे, दोन डिस्क, नवे रिस्टोरेशन, सगळ्या रीजनमध्ये चालणार, ‘ख्रिस्तोफर लीच्या मूळ आवाजासह’. किंमत साडेतीन हजार, पैसे आधी यूपीआयने. पाकिटात निघाली एकच डिस्क, तीही घरच्या कॉम्प्युटरवर राइट केलेली. त्या दोन ओळींत शंका घ्यायच्या जागा तीन होत्या आणि तिन्ही पैसे पाठवण्याआधी तपासता आल्या असत्या.

पहिली जागा आवाजाची. चित्रपट १९६१ चा, इटालियन. तेव्हा तिकडे आवाज नंतर स्टुडिओत भरायची पद्धत होती. ब्रिटिश नट ली यात खलनायक लिको आहे, पण इंग्रजी आवृत्तीत त्याचा तो खर्जातला आवाज नाहीच. डबिंग दुसऱ्याने केलेले आहे. ‘लीचा मूळ आवाज’ विकणाऱ्याने एकतर चित्रपट पाहिलेला नाही, किंवा गिऱ्हाइकाने पाहिलेला नाही याची त्याला खात्री आहे.

दुसरी जागा रीजनची, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालावी याच्या कुलपाची. अमेरिकी कंपन्यांच्या बऱ्याच ब्लू-रे ‘ए’ रीजनच्या असतात, भारत ‘सी’मध्ये येतो. डीव्हीडीत अमेरिका १, भारत ५. म्हणजे अमेरिकेतली अस्सल डिस्क इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर अडू शकते, आणि नक्कल मात्र मुकाट्याने चालते. डिस्क चालली म्हणून लोक निर्धास्त होतात, तिथेच फसतात.

तिसरी जागा, ‘दोन डिस्क’. २०१९ साली अमेरिकेत किनो लॉर्बर या कंपनीने काढलेल्या दोन डिस्कच्या संचात इटालियन, ब्रिटिश आणि अमेरिकी अशा तीन आवृत्त्या आहेत. विकणाऱ्याला एवढेच विचारायचे: कुठली आवृत्ती कुठल्या डिस्कवर? माल हातात असलेला माणूस कव्हर उलटून दोन मिनिटांत सांगतो. नसलेला म्हणतो, ‘साहेब, सगळे आहे त्यात.’

आता कुणी म्हणेल, चित्रपट दिसला ना, मग डिस्क कशी का असेना. नुसत्या संवादांवर चालणाऱ्या चित्रपटाला हे चालून जाईल, याला नाही. ग्रीक पुराणात हर्क्युलिस पाताळात जातो तो सर्बेरस कुत्र्याला आणायला. इथे तो वेड लागल्यासारख्या झालेल्या आपल्या प्रेयसीला, डेआनिराला, बरे करणारा दगड आणायला जातो. हेस्पेरिडीज अप्सरांचे सोनेरी सफरचंद वाटेत येते, सोबतचा मित्र थिसियस पाताळातल्या पर्सेफोनीच्याच प्रेमात पडतो, आणि घरी लिको मुडदे उठवून बसलेला. पैसा जवळपास नव्हताच. चार-दोन खांब आणि भिंतीचे सुटे तुकडे इकडचे तिकडे सरकवून बावाने महाल उभा केला, तेच पाताळात वापरले. मूळचा तो कॅमेरामन. कोंड्याचा मांडा केला तो रंगीत दिव्यांनी. एकाच चौकटीत हिरवा, निळा आणि लाल प्रकाश, मध्ये धूर. रंग गेला की उरतात फक्त पुठ्ठ्याचे दगड. आणि नक्कल करणारा सगळ्यात आधी रंगच मारतो.

तपासायचे ते पाताळाचे प्रसंग लावून. टीव्हीसाठी काढलेल्या जुन्या १६ मिमी प्रतींमध्ये निळसर आणि पिवळी छटा आधी उडते, किरमिजी टिकून राहते. त्यामुळे सगळे दृश्य पान खाऊन थुंकल्यासारखे गुलाबी-तपकिरी दिसते. काही जण हे झाकायला रंग भडक करतात. मग हिरवा पोपटी होतो, चेहऱ्यांना कावीळ, आणि खांबांच्या कडेने पांढरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे डीव्हीडीचे चित्र ताणून धारदार केल्याची खूण. खऱ्या स्कॅनमध्ये फिल्मचे दाणे हलताना दिसतात. ताणलेल्यात धूर मेणासारखा गुळगुळीत असतो.

रुंदी तर पट्टी लावून मोजता येते. चित्रपट २.३५:१ चा, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३५ पट. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर त्याचे चित्र साधारण ८१७ ओळींचे, म्हणजे वर-खाली प्रत्येकी १३० ओळींचा काळा पट्टा हवा. पडदा पूर्ण भरलेला असेल तर बाजूने सुमारे २४ टक्के चित्र कापले आहे. जुन्या चौकोनी प्रतीत तर जवळजवळ ४३ टक्के जाते. दोर धरून पलीकडे जातानाचा प्रसंग पाहा: दोर दिसतो, पण दोराची टोके आणि दोन्ही बाजूंचा पसारा गायब. चित्राला चारही बाजूंनी काळी चौकट असेल, तर ती जुन्या पट्टीवाल्या डीव्हीडीची उचल आहे.

लांबीवरूनही टोपी घालतात. सेकंदाला २४ फ्रेमवर ८६ मिनिटे भरणारी फिल्म युरोपच्या पाल या टीव्ही पद्धतीत २५ फ्रेमने पळवली की साडेब्याऐंशी मिनिटांत संपते आणि आवाज जरा पिपाणीसारखा होतो. असली प्रत ‘दुर्मीळ ब्रिटिश कट’ म्हणून विकायला ठेवलेली असते. काहीही कापलेले नसते, नुसती पळवलेली असते.

नावांचा घोळ वेगळाच. इटलीत हा ‘एर्कोले अल चेन्त्रो देल्ला तेर्रा’, ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस इन द सेंटर ऑफ द अर्थ’, जर्मनीत ‘वाम्पिरे गेगेन हेराक्लेस’. एकच चित्रपट तीन नावांनी तीनदा गळ्यात मारता येतो. शिवाय नायक रेग पार्कचा त्याच वर्षीचा दुसरा हर्क्युलिसपट आहे, दिग्दर्शक कोत्ताफावीने केलेला. त्याची डिस्क याच्या कव्हरात घालून येते. दिग्दर्शकाचे नाव आणि साल बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पाकिटातली ती डिस्क जवळून बघण्यासारखी होती. वरचे चित्र इंकजेटने छापलेले, ओल्या बोटाने घासले की निळा रंग बोटाला. मागची बाजू तांबूस-तपकिरी. डीव्हीडी-आर, म्हणजे घरी राइट करायची डीव्हीडी, असती तर जांभळट दिसली असती. कारखान्यात दाबून काढलेली डीव्हीडी चांदीसारखी किंवा फिकट सोनेरी असते. कव्हर फोटोपेपरवर, कडा कात्रीने कापलेल्या, पाठीवरची अक्षरे फुटलेली. भोकाभोवतीच्या चकचकीत पट्ट्यात दाबलेल्या डिस्कवर साधारणपणे मास्टरिंगचा, म्हणजे मूळ साचा बनवणाऱ्याचा, कोड असतो: आयएफपीआय (संगीत कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नाव), पुढे एल आणि काही अक्षरे-आकडे. इथे नव्हता. नुसते आयएफपीआय दिसले म्हणून खूश होऊ नका. आतल्या प्लास्टिकवरचा साच्याचा कोड कोऱ्या डिस्कवरही सापडतो.

कॉम्प्युटरला ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर वादच मिटतो. डिस्क घालून इमग्बर्न हा डिस्क राइट करायचा प्रोग्राम उघडा: दाबलेली ब्लू-रे असेल तर बीडी-रॉम, राइट केलेली असेल तर बीडी-आर असे दाखवतो. मग मुख्य फाइलचा आकार बघा. ८६ मिनिटे आणि सेकंदाला ३० मेगाबिट धरले तर १९ जीबीच्या आसपास येते. इथली फाइल ४ जीबीची, म्हणजे सेकंदाला जेमतेम ६ मेगाबिट. हा वेग डीव्हीडीच्या पातळीचा.

एक मात्र खरे, राइट केलेली प्रत्येक डिस्क चोरीची नसते. अमेरिकेतल्या वॉर्नर आर्काइव्हने २००९ पासून मागणीप्रमाणे डीव्हीडी-आर राइट करून राजरोस विकल्या. फरक एवढाच की ते तसे सांगून विकत होते.

पैसे देण्याआधी फोटो मागवा: दोन्ही डिस्कची मागची बाजू, मधले कडे, कव्हरची पाठ, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. कंपनीच्या जाहिरातीतलाच फोटो परत आला तर तिथेच थांबा. आगाऊ थेट यूपीआय टाळा. क्रेडिट कार्डावर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते. पाकीट फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून डिस्कपर्यंत न तोडता व्हिडिओ काढा.

फसल्यावर विक्रेत्याचा ठरलेला प्रश्न येतो: ‘चालते ना? मग तक्रार कसली?’ त्याच्याशी चित्राच्या दर्जावर वाद घालू नका, तिथे तुम्ही हराल. दर्जा म्हणजे आवडीचा प्रश्न, असे तो म्हणेल. ‘जाहिरातीत दोन डिस्कची ब्लू-रे, प्रत्यक्षात एक बीडी-आर’ एवढेच लिहा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कड्याचा फोटो आणि इमग्बर्नची खिडकी जोडा. जाहिरात काढून टाकायच्या आत स्क्रीनशॉट घ्यावा लागतो, हे बहुतेकांना उशिरा सुचते. ई-कॉमर्स मंचावरून घेतले असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायचे असते. न झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर थांबू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आणि तुमची बँक. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तर आली.