डेंटिस्टची गाडी डेंटरकडे

माझ्या पर्समध्ये एक हापूस असतो. प्लास्टिकचा, पाठीला चुंबक लावलेला, रत्नागिरीहून कुणीतरी फ्रिजसाठी आणलेला. गाडीचं कुठलंही पत्र्याचं काम झालं की मी तो हळूच टेकवून बघते. चिकटला तर खाली लोखंड आहे, घसरला तर पुट्टी. २०१६ साली उपनगरातल्या एका गॅरेजने आमच्या फियाटचा डॅशबोर्ड ‘एकदम नवा’ करून दिला, तेव्हा हा हापूस माझ्याकडे नव्हता. म्हणून नऊ हजार रुपये मोजून मी हसतमुखाने घरी आले होते. हे परीक्षण मात्र त्या गॅरेजचं नाही, तेच काम नंतर नीट करून देणाऱ्या एका डेंटरचं, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीचं.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९६८ ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. पद्मिनी हे नाव १९७४ चं, पण रस्त्यावरचे सगळे हिला पद्मिनीच म्हणतात आणि मीही आता कुणाला सुधारत बसत नाही. डॅशबोर्ड अख्खा पत्र्याचा, बॉडीच्याच रंगात रंगवलेला. १९८९ मध्ये अण्णांना कुमार गंधर्वांच्या कॅसेट गाडीत ऐकायची हौस आली. एका ॲक्सेसरीवाल्याने मधोमध सात बाय दोन इंचांचं भोक पाडून दिलं, तेही छिन्नीने. कडा अजून डोळ्यांसमोर आहेत, चावलेल्या बिस्किटासारख्या. पुढे पंख्याची भोकं, गणपतीची भोकं, घड्याळाची भोकं. कॅसेट प्लेअर कधीच गेला, भोक राहिलं.

त्या २०१६ च्या गॅरेजने भोकाच्या मागून फायबरचं कापड चिकटवलं, वरून पुट्टी थापली, घासली, रंगवली. तीन पावसाळे गेले आणि रंगाला फोड आले. पुट्टी पाणी पिते, शिवाय उन्हात तापल्यावर पत्रा आणि पुट्टी सारखे फुगत नाहीत, त्यामुळे भोकाच्या बरोबर कडेने भेग गेली. मी व्यवसायाने दातांची डॉक्टर. दादरला तीस वर्षं दवाखाना आहे. कीड न काढता वर सिमेंट भरलेल्या दाढा मी रोज उघडते. स्वतःच्या गाडीत तेच करून घेतलं होतं.

आता मुद्द्याचं. ज्या गाळ्याबद्दल लिहितेय त्याला पाटी नाही. रे रोड स्टेशनला उतरून पूर्वेला दारूखान्याच्या बाजूला चालत जायचं, भंगाराच्या गाळ्यांच्या ओळीत एके ठिकाणी डोअर आणि मडगार्ड भिंतीला टांगलेले दिसतात, तोच. मिस्त्री साठीच्या पुढचे, मूळचे सिंधुदुर्गचे, मालवणीत बोलतात आणि तेही मोजकंच. पहिल्या दिवशी त्यांनी डॅशवर नखाने टकटक केलं, मान हलवली आणि म्हणाले, “ह्यो पत्रो नाय, पीठ आसा.” तिथेच मी गाडी सोडली.

जाण्याआधी मी एक शहाणपणा केला होता. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत नाही, तेव्हा भंगारात डॅश ढिगाने मिळतील असं वाटलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन शनिवार घालवून एका टॅक्सीच्या डॅशचा तुकडा बाराशेला आणला. मिस्त्रींनी तो माझ्या गाडीसमोर धरला. वळण जुळत नव्हतं. आणि गंमत म्हणजे तो तुकडाही नेमका माझ्या डॅशसारखाच सडलेला होता, काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी तिथूनच आत उतरतं आणि डॅशच्या वरच्या कडेत साठतं. म्हणजे छिन्नीचं भोक डोळ्यांना दिसणारं दुखणं, खरं दुखणं रबराचं. नवं रबर मीच चोर बाजारात शोधून आणलं, १,४०० रुपये. टॅक्सीचा तुकडा त्यांनी भिंतीला टांगून ठेवला.

काम जवळून बघायला मिळालं, कारण बुधवारी माझा दवाखाना बंद असतो आणि वडाळ्याहून हार्बरने रे रोड तिसरं स्टेशन. दर बुधवारी मी एक स्टूल ओढून बसायचे. त्यामुळे हे परीक्षण ऐकीव नाही.

आधी बॅटरी सुटी केली. मग मीटर, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टी लावून नंबर. सीट बाहेर. पुढची काचही बाहेर काढली. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि मग रात्री समोरून दिवे आले की ते ठिपके चमकतात, हे मला माहीत नव्हतं. खाली ओलं गोणपाट अंथरलं. रंग काढल्यावर चार थर निघाले, वरचा काळा, मग राखाडी, मग कसलासा हिरवा (अण्णांनी हिरवा कधी लावला?) आणि तळाशी मूळचा फिकट निळा.

मग त्यांनी भोक मोठं केलं. मला हे बघून बरं वाटलं आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा आला. सात बाय दोनचं झालं जवळपास नऊ बाय पावणेतीन, कारण गंजलेला पत्रा वेल्डिंग धरत नाही, नुसता जळतो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत गेले. कोपरे गोल ठेवले. विचारलं, तर म्हणाले, टोकदार कोपरा असला की भेग तिथूनच चालू होते. आम्हाला दाढेतला खड्डा कोरताना हेच शिकवतात, शब्दसुद्धा तेच.

बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आधी साचा केला. त्यावरून २० गेजच्या, म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाडीच्या, सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याचा तुकडा कापला आणि पाइपावर हाताने दाबून डॅशचं वळण आणलं. तुकडा भोकावर ठेवायचा नाही, भोकात बसवायचा, चारी बाजूंनी जेमतेम एक मिलिमीटर फट ठेवून. एकावर एक पत्रा ठेवून वेल्ड केला असता तर काम एका दुपारचं होतं, पण मग दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकून बसतं आणि पाच वर्षांनी आपण परत स्टुलावर.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे विजेच्या ठिणगीने तार वितळवणारं, गॅसच्या ज्योतीचं नाही. गॅसच्या ज्योतीने आजूबाजूचा सगळा पत्रा तापतो आणि लाटा येतात. इथे एक टाका डावीकडे, मग एकदम उजवीकडे, मग वर, मग खाली, मध्ये ओलं फडकं टेकवून हात लावण्याइतकं गार करायचं. सलग रेघ एकदाही मारली नाही. मागून तांब्याची पट्टी धरलेली. तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि वितळलेलं लोखंड मागे गळत नाही. पंखा, गणपती, घड्याळ यांची मिळून अकरा भोकं याच पट्टीवर एकेक करून भरली. अख्ख्या तुकड्याला दोन बुधवार गेले.

एवढं करूनही पत्रा मधे फुगलाच. बोटाने दाबला की डबक आत, सोडला की डबक बाहेर. मला वाटलं, बिघडलं. मिस्त्रींनी रुपयाएवढा एक ठिपका लाल होईपर्यंत तापवला, चार ठोके दिले आणि ओलं फडकं टेकवलं. पत्रा आवळला. असे तीन ठिपके केले आणि डबक-डबक थांबलं. मग मागून लोखंडी ठोकळा, पुढून हातोडी, आणि दर दोन ठोक्यांनी डोळे मिटून तळहात फिरवायचा. त्यांचा माझ्यापेक्षा त्यांच्या तळहातावर जास्त विश्वास आहे, आणि ते बरोबरच आहे.

शेवटी पुट्टी लावलीच, पण कागदाच्या जाडीची, ठोक्यांचे मुरूम झाकण्यापुरती. हापूस टेकवला. टच्च चिकटला, नवीन तुकड्यावरही आणि सांध्यावरही.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र कुणालाच दिसणार नाही. वेल्डिंगच्या मागच्या बाजूला गंज सर्वात आधी धरतो, कारण तिथला रंग जळून गेलेला असतो. मागे हात जेमतेम जातो, डोळा जात नाही. त्यांचा पोरगा म्हणाला, मागून कोण बघतंय. मिस्त्री म्हणाले, “मागसून पाणी बघता.” पुढच्या बुधवारी मी दवाखान्यातला तोंडात घालायचा लहान आरसा घेऊन गेले. त्यात बघत बघत त्यांनी सांध्याच्या मागे गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर आणि फटी बुजवणारा सीलर लावला, अर्धा तास, गाडीच्या फरशीवर उताणे पडून. नंतर ‘वरच्या दाढेला असंच वाकून बघता काय’ असं विचारलं. म्हटलं, हो, फक्त पेशंट इतका गप्प बसत नाही.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक वाचून कुणी जाऊ नये.

बारा दिवस सांगितले होते, एक्केचाळीस लागले. यातला काही दोष माझा, मे संपताना गाडी दिली. पेंटर शेजारच्या गाळ्यातला, तो जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोजचा) रंग मारतो, कारण या गाड्यांना तोच शोभतो असं मिस्त्रींचं मत. मलाही पटलं. पण पावसाळी हवेत हा रंग वाळताना पांढरट धुरकटतो, म्हणून कोरड्या दिवसाची वाट बघत जून गेला. टूके, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा, रंग घेतला असता तर लवकर सुटले असते. मिस्त्री फोन उचलत नाहीत. फोटो पाठवणं वगैरे तर विसराच. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर आकडे मिळतात: पत्र्याचे १६,०००, रंगाचे ६,५००. विम्याचा दावा करणाऱ्यांनी इकडे फिरकू नये.

रंगाची छटा ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या, ऊन न लागलेल्या पत्र्यावरून जुळवली, तरी दिवसा डाव्या टोकाला किंचित फरक दिसतो. मलाच दिसतो, पण दाताची छटा जुळवण्यात आयुष्य गेल्यावर दिसणारच. जोडणी करताना वायरींचे दोन नंबर उलटे झाले, डावीकडचा सिग्नल दिला की उजवीकडचा लुकलुकायचा. हे मला फाइव्ह गार्डन्सच्या वळणावर एका बेस्टच्या ड्रायव्हरने, जरा जोरातच, कळवलं. दुसऱ्या दिवशी फुकट नीट करून दिलं.

प्लास्टिकचा डॅश असलेल्यांचं इथे काहीच काम नाही. गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल तरीही दुसरीकडे जा, तिथे यापेक्षा गुळगुळीत काम हवं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, असं मला चौघांनी सुचवलं. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. मी हिच्यातून दादरला भाजी आणते, त्यामुळे राहू दे.

काच परत बसवताना नवीन रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी घातली, पोरगा बाहेरून तळहाताने काच दाबत होता आणि मिस्त्री आतून दोरी ओढत होते, तसं रबर एकेक बोट कडेवर चढत गेलं. नंतर पाण्याची नळी वीस मिनिटं सोडून आम्ही तिघं आत वाकून कोपरे बघत बसलो. थेंब नाही. जुलैत तीन दिवस सलग पाऊस झाला तेव्हाही नाही.

एक काम राहिलंय. ग्लोव्ह बॉक्सची कडी अर्धा मिलिमीटर चुकते, खड्ड्यातून गेलं की झाकण उघडतं आणि आतला पीयूसीचा कागद पायात येतो. ते करायला गेल्या बुधवारी गेले, तर मिस्त्रींचा गाल सुजलेला. लवंगेचं तेल लावून बसले होते. मी तिथेच, त्यांच्याच गाळ्यातला टॉर्च घेऊन तोंडात बघितलं. खालची डावी दाढ, वरून भरलेली, आत कीड. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी भरून दिली होती म्हणे. म्हटलं, उद्या या दवाखान्यात, हा पत्रा नाही, पीठ आहे. ते हसले, मग गाल धरला.

“पावसाळो सरांदे,” म्हणाले, आणि कडीही तेव्हाच करू म्हणाले. आरसा मात्र त्यांनी ठेवून घेतलाय.