वरुडात लॅपटॉपची स्क्रीन बदलायची तर...

बसस्टँडजवळच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काम चोख, बिलासाठी मात्र मागं लागावं लागतं. इथं आधी लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडून पाहतात. टीव्हीवर चित्र नीट आलं तर दोष पॅनलचा, म्हणजे खुद्द स्क्रीनचा, किंवा तिला जोडणाऱ्या डिस्प्ले केबलचा. तिथंही रेषा दिसल्या तर चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपचा, मग स्क्रीन बदलून पैसे पाण्यात. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर बहुधा केबलच.

पॅनल नागपूरहून पार्सलनं येतं. नुसतं '१५.६ इंच' सांगून भागत नाही: जुन्या पॅनलच्या पाठीवरचा मॉडेल नंबर, केबलचा कनेक्टर ३० पिन की ४० पिन, रिझोल्यूशन, स्क्रूच्या पट्ट्या, सगळं जुळलं पाहिजे. बॅटरीचा कनेक्टर न काढता डिस्प्ले केबल ओढली तर बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्यांचा) फ्यूज उडू शकतो. इथला कारागीर बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी काढतो.

वॉरंटीचं म्हणाल तर तडा, दाब, पाणी यांना कंपनीची साधी वॉरंटी लागू नसते; अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आपोआप उमटलेली रेष सहसा वॉरंटीत बसते, तेव्हा मुदत शिल्लक असेल तर इथं उघडायला देऊच नका, अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. एखाद्या डेड पिक्सेलसाठी (बंद पडलेल्या ठिपक्यासाठी) बहुतेक कंपन्या पॅनल बदलत नाहीत. दुकानाची तीन महिन्यांची हमी तोंडीच. पॅनलचा नंबर टाकून बिलावर लिहून घ्या.